घरच्या टाकीत छोटे सिक्लिड: पाण्यापासून पिल्लांपर्यंत

सिक्लिड म्हटले की आपल्याकडे बहुतेकांना फ्लॉवरहॉर्न, ऑस्कर किंवा एंजल आठवतात. याच कुळात तीन ते दहा सेंटिमीटरच्या पलीकडे न वाढणारे मासेही आहेत. हद्द ठरवणे, जोडी जमवणे, अंडी राखणे, पिल्लांना घेऊन हिंडणे हा त्यांचा सगळा संसार दोन फुटी टाकीत आपल्यासमोर मांडला जातो. गप्पी किंवा टेट्रा यांच्यापेक्षा ते थोडी अधिक काळजी मागतात, पण ती काळजी अवघड नाही. मात्र तिचा क्रम नीट लावावा लागतो आणि या क्रमात मासा सगळ्यात शेवटी येतो. दुकानात एखादा मासा आवडला म्हणून घरी आणायचा आणि मग त्याला मानवेल असे पाणी तयार करत बसायचे, यापेक्षा घरच्या नळाला कोणते पाणी येते ते पाहून मासा निवडावा, असे माझे ठाम मत आहे. पुढची सगळी माहिती याच क्रमाने दिली आहे.

आधी नळाचे पाणी ओळखावे

मुंबईला भातसा, तानसा, वैतरणा या जलाशयांतून आणि पुण्याला खडकवासल्याकडून येणारे पाणी मुख्यतः सह्याद्रीवर पडलेल्या पावसाचे असल्यामुळे सर्वसाधारणपणे हलके असते, म्हणजे त्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार कमी असतात. याउलट पठारावरच्या बोअरचे पाणी दीर्घकाळ खडकाच्या भेगांमधून मुरत आलेले असल्यामुळे बहुधा जड असते. ज्या घरात बादलीवर आणि नळाच्या तोटीवर पांढरा थर बसतो, साबणाला लवकर फेस येत नाही आणि तूरडाळ शिजायला वेळ लागतो, त्या घरात कोणते पाणी येते हे वेगळे सांगायला नको. तरीही अंदाजावर न थांबता टीडीएस मीटर आणि थेंबांनी तपासण्याचा हार्डनेस (पाण्याचा जडपणा) किट या दोन वस्तू घ्याव्यात. मीटर पाण्यातल्या एकूण विरघळलेल्या क्षारांचा आकडा सांगतो, पण त्यातले कॅल्शियम किती आणि साधे मीठ किती हे त्याला कळत नाही, आणि माशांच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा असतो. शहरातल्या सोसायट्यांमध्ये उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की एका आठवड्यात पाणी पूर्णपणे बदलू शकते. म्हणून पाणी बदलण्याच्या प्रत्येक दिवशी आधी बादलीत मीटर बुडवून पाहावा. या कामाला दहा सेकंद लागतात आणि टाकीतल्या अचानक झालेल्या कित्येक मृत्यूंचे कारण तिथेच सापडते.

पाणी हलके असेल तर दक्षिण अमेरिकेतले रॅम आणि अ‍ॅपिस्टो सुखाने राहतील. ते जड असेल तर आफ्रिकेतल्या टांगानिका सरोवरातले, शंखात राहणारे छोटे मासे पाळावेत, कारण त्यांना असेच पाणी लागते. मध्यम पाण्यात पश्चिम आफ्रिकेतला क्रिबेन्सिस चांगला राहतो. बोअरचे पाणी असूनही रॅमच हवा असेल तर घरच्या आरओ यंत्राचे पाणी मिसळावे लागते. बोअरच्या पाण्याचा टीडीएस ४०० आणि आरओच्या पाण्याचा ४० असेल, तर एक भाग बोअर आणि तीन भाग आरओ असे मिश्रण सुमारे १३० पर्यंत येते आणि रॅमला ते चालते. कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांना आणखी एक सोय आहे. पहिल्या काही सरी जाऊ देऊन नंतरच्या पावसाचे पाणी स्वच्छ ताडपत्रीवरून ड्रममध्ये भरून ठेवावे आणि डास होऊ नयेत म्हणून ड्रम घट्ट झाकावा. हे पाणी अतिशय हलके असते, पण त्यात पीएच (पाण्याची आम्लता सांगणारा आकडा) स्थिर ठेवणारे कार्बोनेट जवळजवळ नसतात, त्यामुळे ते निव्वळ स्वरूपात वापरले तर पीएच एकाएकी कोसळू शकतो. थोडे नळाचे पाणी मिसळून कार्बोनेट हार्डनेस दोन-तीन अंशांवर राखला की हा धोका टळतो.

महापालिकेच्या पाण्यात क्लोरीन असते आणि पावसाळ्यात गढूळ पाण्यामुळे त्याचे प्रमाण अनेकदा वाढवले जाते. पाणी उघड्या टबात एअर पंप लावून रात्रभर ठेवावे किंवा दुकानात अँटीक्लोरीन म्हणून मिळणारे सोडियम थायोसल्फेट बाटलीवरच्या सूचनेप्रमाणे वापरावे.

टाकी मांडणे आणि पिकवणे

एका जोडीसाठी दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच टाकी पुरते. तिच्यात सुमारे ५४ लिटर पाणी मावते, आणि काच, वाळू व दगड धरून वजन ७० किलोच्या पुढे जाते, म्हणून ती भक्कम आणि समपातळीत असलेल्या स्टँडवरच ठेवावी. हे मासे तळाशी वावरतात. त्यामुळे टाकीची उंची वाढवण्यापेक्षा लांबी-रुंदी वाढवणे अधिक उपयोगाचे ठरते. तळाला बारीक, गोलसर कणांची नदीची वाळू पसरावी. रॅम तोंडभर वाळू घेतो, चघळतो आणि कल्ल्यांतून बारीक धारेने बाहेर सोडतो. टोकदार रंगीत खडीवर त्याला हे करता येत नाही आणि प्रयत्न केलाच तर तोंडाला जखमा होतात. हलक्या पाण्याच्या टाकीत संगमरवरी खडी, शिंपले किंवा प्रवाळ ठेवू नयेत, कारण ते हळूहळू विरघळून पाणी जड करतात. दगड कोणता आहे याची शंका आली तर त्यावर व्हिनेगरचे चार थेंब टाकावेत. बुडबुडे आले तर तो दगड या टाकीसाठी बाजूला काढावा.

आडोसे भरपूर हवेत. नारळाच्या करवंटीला बाजूने दोन बोटे जातील एवढी खाच पाडून ती उकळून पालथी ठेवली की उत्तम गुहा होते, आणि दुकानातल्या रंगवलेल्या सिमेंटच्या किल्ल्यांपेक्षा माशांना ती जास्त पसंत पडते. पाण्यात मुरवलेले लाकूड, त्याला बांधलेले जावा फर्न आणि अनुबियास, मागच्या बाजूला व्हॅलिस्नेरिया आणि वर थोडे साल्विनिया एवढ्या वनस्पती पुरे आहेत. महाराष्ट्रात रस्त्याकडेला सर्वत्र दिसणारा जंगली बदाम (टर्मिनालिया कटाप्पा) इथे फार उपयोगी पडतो. हिवाळ्याच्या शेवटी त्याची पाने लाल होऊन गळतात. गाड्यांच्या धुरापासून आणि औषध फवारणीपासून दूरच्या झाडाखालची पूर्ण वाळलेली पाने गोळा करून, धुऊन, दोन-तीन पाने टाकीत सोडावीत. पाण्याला चहासारखा फिका रंग येतो, टॅनिन उतरते, आणि पानांच्या खाली पिल्लांना खायला सूक्ष्मजीव वाढतात. हा रंग ज्यांना अस्वच्छ वाटतो त्यांनी एकदा त्या पाण्यातल्या रॅमचा निळा रंग पाहावा.

फिल्टर म्हणून एअर पंपावर चालणारा स्पंज फिल्टर मला सर्वांत भरवशाचा वाटतो, कारण त्याचा प्रवाह मंद असतो आणि पिल्ले त्यात ओढली जात नाहीत. आता टाकी पिकवण्याविषयी. माशांच्या विष्ठेतून आणि उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एक प्रकारचे जीवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसरे त्या नायट्राइटचे नायट्रेट करतात. पहिले दोन पदार्थ माशांना घातक आहेत, तिसरा कमी प्रमाणात सोसतो. हे जीवाणू स्पंजमध्ये आणि वाळूत पुरेसे वाढायला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. या काळात टाकीत मासे न ठेवता रोज चिमूटभर माशांचे खाद्य टाकावे म्हणजे जीवाणूंना अन्न मिळत राहते. एखाद्या ओळखीच्या माणसाच्या जुन्या, निरोगी टाकीतला वापरलेला स्पंज मिळाला तर हा काळ बराच कमी होतो. तपासणीत अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर येऊन टिकले की टाकी तयार झाली असे समजावे. रॅमसाठी मात्र एवढ्यावर न थांबता आणखी एखादा महिना टाकीत फक्त टेट्रा ठेवून वाट पाहावी. रॅम फार नाजूक असतात अशी जी ओरड ऐकू येते, तिचे मोठे कारण ते नव्या टाकीत सोडले जातात हे आहे.

रॅम

व्हेनेझुएला आणि कोलंबियातल्या ओरिनोको नदीच्या गवताळ मैदानांतला हा मासा १९४८ साली शास्त्रीय नोंदीत आला आणि मॅन्युएल रामिरेझ या संग्राहकाच्या नावावरून त्याला रामिरेझी हे नाव मिळाले. त्याच्या मूळ प्रदेशातले पाणी उथळ, ऊबदार आणि अतिशय हलके असते. म्हणून टाकीत तापमान २७ ते ३० अंश सेल्सिअस, पीएच ७ च्या खाली आणि हार्डनेस ८ अंशांच्या आत ठेवावा. कोकणातल्या आणि मुंबईतल्या हवेत वर्षातले बहुतेक महिने हे तापमान आपोआप राहते आणि हीटर फक्त थंडीत लागतो. नाशिक, पुणे किंवा विदर्भातल्या हिवाळ्यात मात्र ५० ते १०० वॅटचा हीटर नसेल तर रॅम टिकत नाही.

खरेदी करताना डोळसपणा ठेवावा. अगदी लहान, तीन सेंटिमीटरचे मासे आणि सगळेच्या सगळे भडक रंगाचे दिसत असतील, तर त्यांना संप्रेरके देऊन रंग आणलेला असण्याची शक्यता असते. असे मासे घरी आल्यावर फिके पडतात आणि बऱ्याचदा प्रजननक्षम राहत नाहीत. पोट आत गेलेले, कोपऱ्यात एकटे उभे असलेले किंवा पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा टाकणारे मासे घेऊ नयेत. बलून रॅम या नावाने विकला जाणारा फुगीर मासा मुळीच घेऊ नये. त्याचा कणा मुद्दाम आखूड केलेला असतो, आतल्या अवयवांना जागा राहत नाही, आणि आपण घेणे थांबवल्याशिवाय त्याची पैदास थांबणार नाही. साधा निळा रॅम या सगळ्या प्रकारांत काटकही आहे आणि सुंदरही.

पूर्ण वाढ झालेल्या नराच्या पाठीवरच्या पराचे पुढचे काटे लांब असतात, तर मादीचे पोट गुलाबी दिसते आणि तिच्या अंगावरच्या काळ्या ठिपक्यात निळे चमकदार खवले असतात. दुकानदाराने जोडी म्हणून दिलेले दोन मासे एकमेकांना पसंत पडतीलच असे नाही, म्हणून शक्य असल्यास मोठ्या टाकीत पाच-सहा लहान मासे एकत्र वाढवावेत आणि त्यातून जी जोडी जमेल ती ठेवून बाकीचे दुसरीकडे द्यावेत.

जोडी अंडी घालणार हे दोन दिवस आधी कळते. दोघे मिळून एखादा सपाट दगड, कधी रुंद पान, तोंडाने घासून स्वच्छ करू लागतात. मध्येच एकमेकांसमोर येऊन अंग थरथरवतात आणि जवळ आलेल्या टेट्राला हुसकावून लावतात. मादीच्या पोटाखाली छोटी, बोथट नळी दिसू लागली की काही तासांतच अंडी येतात. ती दगडावरून हळूहळू सरकत अंड्यांची ओळ चिकटवत जाते आणि तिच्या मागोमाग नर त्याच रेषेवरून जातो. एका वेळी दीडशे ते तीनशे अंडी असतात. त्यानंतर दोघे आळीपाळीने परांनी अंड्यांवर ताजे पाणी खेळवत राहतात आणि बुरशी लागून पांढरे पडलेले अंडे उचलून काढतात. दोन ते तीन दिवसांत अंडी फुटतात. अजून पोहता न येणारी, शेपट्या हलवणारी पिल्ले आईबाप तोंडात धरून वाळूत खणलेल्या खळग्यात नेऊन ठेवतात. एक खळगा झाला की दुसरा, असे त्यांचे बिऱ्हाड हलवणे दिवसातून दोनतीन वेळाही चालते. आणखी चार-पाच दिवसांनी पिल्ले वर उठतात आणि आईबापांच्या भोवती ढगासारखी हिंडू लागतात. संध्याकाळी नर भरकटलेले पिल्लू तोंडात घेतो आणि बाकीच्यांजवळ नेऊन थुंकतो. हे जो पाहतो त्याला पुढे टाकीची निगा राखायला कोणी सांगावे लागत नाही.

पहिली एक-दोन वेळा तरुण जोडी अंडी खाऊन टाकते. हे नेहमीचे आहे आणि त्यावर उपाय म्हणून लगेच अंडी वेगळी काढू नयेत. जोडीला वेळ दिला तर बहुतेक जोड्या शिकतात. रात्री दिवा एकदम बंद केला तर पालक गोंधळून पिल्ले गमावतात, म्हणून पिल्ले असेपर्यंत खोलीत मंद उजेड राहू द्यावा. पाणी जड असल्यास अंडी घातली जातील, पण ती फळणार नाहीत.

रॅमचे आयुष्य दोन ते तीन वर्षांचे असते. ज्यांना त्याच्या घराण्यातला अधिक सोशिक मासा हवा असेल त्यांनी बोलिव्हियन रॅम पाहावा. तो रंगाने सौम्य आहे, पण २३ ते २६ अंशांवर आणि मध्यम पाण्यातही चांगला राहतो.

अ‍ॅपिस्टो आणि क्रिबेन्सिस

अ‍ॅपिस्टोग्रामाच्या अनेक जाती आहेत, पण नवख्या माणसाने काकाटुऑइडिस या जातीपासून सुरुवात करावी, कारण ती पाण्याच्या बाबतीत रॅमइतकी चोखंदळ नाही. पेरूकडच्या अ‍ॅमेझॉनमधला हा नर काकाकुव्याच्या तुऱ्यासारखे पाठीवरचे काटे उभारतो. रॅम जसा एका जोडीदारावर थांबतो, तसा तो थांबत नाही. तीन फुटी टाकी असेल तर एक नर आणि दोन-तीन मादी ठेवाव्यात आणि प्रत्येक मादीसाठी वेगळी करवंटी, एकमेकींना दिसणार नाही अशा बेताने मांडावी. मादी गुहेच्या छताला अंडी चिकटवते आणि त्या दिवसापासून तिचा रंग पिवळाधमक होतो, त्यावर काळे पट्टे उठून दिसतात. पिल्लांची सगळी जबाबदारी तिची, नर फक्त बाहेरची हद्द राखतो. टाकी लहान असेल तर हीच चार-पाच सेंटिमीटरची मादी तिच्याहून मोठ्या नराला कोपऱ्यात कोंडते, त्याचे पर फाडते. असे दिसल्यास नराला त्याच दिवशी वेगळे काढावे.

या माशांविषयीची एक गोष्ट आपल्या हवामानात विशेष लक्षात ठेवण्याजोगी आहे. र्‍योमर आणि बायझेनहेर्त्स या संशोधकांनी १९९६ साली दाखवून दिले की अ‍ॅपिस्टोग्रामाच्या पिल्लांमध्ये नर किती आणि मादी किती हे सुरुवातीच्या आठवड्यांतल्या पाण्याच्या तापमानावर बऱ्याच अंशी ठरते, आणि पाणी जितके गरम तितके नर अधिक होतात. म्हणजे मे महिन्यात, ३० अंशांच्या पाण्यात वाढलेल्या पिल्लांत मादी शोधाव्या लागतात. दोन्ही हव्या असतील तर पिल्ले हिवाळ्यात, सुमारे २६ अंशांवर वाढवावीत.

क्रिबेन्सिस नायजेरियातला. मादी नरापेक्षा लहान आणि अधिक देखणी असते आणि अंड्यांच्या काळात तिचे पोट जांभळट लाल होते. तो गुहेत अंडी घालतो, पालकत्व दोघे करतात, आणि थोडे चुकलेले पाणीही तो चालवून घेतो. पिल्ले असताना त्याचा राग फार वाढतो, त्यामुळे तळाशी राहणारे कॉरिडोरास त्याच्या सोबत ठेवू नयेत.

जड पाण्याचे धनी

बोअरचे पाणी असलेल्यांना मी निओलॅम्प्रोलॉगस मल्टिफॅसिएटस सुचवतो. हौशी लोक त्याला नुसते मल्टी म्हणतात. नर साडेचार सेंटिमीटरपर्यंत, मादी तीन, आणि सिक्लिड कुळातल्या सर्वांत छोट्या माशांमध्ये त्याची गणना होते. टांगानिका सरोवराच्या तळाशी गोगलगायींच्या रिकाम्या शंखांचे थर साचलेले आहेत. हा मासा त्या शंखांतच राहतो, त्यांतच अंडी घालतो आणि संकट आले की त्यांतच शिरतो. पीएच ८ ते ९, हार्डनेस १० अंशांच्या पुढे आणि तापमान २४ ते २७ हे त्याचे गणित आहे. पाणी मुळातच जड असल्यामुळे ते बनवावे लागत नाही. थोडा शिंपल्यांचा चुरा फिल्टरजवळ ठेवला की पीएच टिकून राहतो. करवंटी, लाकूड, बदामाची पाने यांतले काहीही या टाकीत नको.

वाळू चार-पाच सेंटिमीटर जाड पसरावी. शंखांसाठी लांब जाण्याची गरज नाही. भातखाचरांत आणि तळ्यांच्या काठी मिळणाऱ्या मोठ्या गोगलगायींचे रिकामे शंख आकाराने योग्य असतात. ते घासून, उकळून, चार दिवस पाणी बदलत भिजत ठेवावेत, म्हणजे आतले कुजके अवशेष निघून जातात. समुद्रकिनाऱ्यावरच्या दुकानांतले पॉलिश केलेले किंवा अरुंद, टोकदार शंख टाळावेत, कारण त्यांत मासा अडकू शकतो. प्रत्येक माशामागे किमान दोन-तीन शंख हवेत. सहा ते आठ लहान मासे एकदम सोडावेत.

आपण मांडलेली रचना एका रात्रीतही टिकत नाही. मासा शंखाच्या एका बाजूची वाळू तोंडाने उचलून दूर टाकत राहतो, शंख हळूहळू खचतो, मग तो शेपटी हलवून दुसऱ्या बाजूने वाळू लोटतो, आणि शेवटी शंख पूर्ण पुरून फक्त तोंड उघडे राहते. कोणत्या शंखाभोवती किती खड्डा आहे यावरून कोणाची हद्द कुठे संपते हे बाहेरून वाचता येते. अंडी दिसत नाहीत. एके दिवशी शंखाच्या कडेवर सात-आठ मिलिमीटरची दोन पिल्ले बसलेली दिसतात आणि आपण वाकून पाहिले की आत जातात. मोठी भावंडे हाकलली जात नाहीत, त्यामुळे वसाहत आपोआप वाढत जाते. या टाकीत इतर कोणताही मासा न ठेवणे श्रेयस्कर.

जड पाण्यात पाळण्याजोगा आपल्या किनाऱ्यावरचाही एक मासा आहे. भारतात नैसर्गिकरीत्या आढळणारे सिक्लिड तीनच आहेत, आणि गोव्यात कालुंदर म्हणून ताटात येणाऱ्या माशाचा छोटा भाऊबंद म्हणजे नारिंगी क्रोमाइड. दक्षिण भारत आणि श्रीलंकेच्या खाड्यांत तो राहतो, आठ सेंटिमीटरच्या आसपास वाढतो, आणि त्याची पिल्ले आईबापांच्या अंगावरचा चिकट स्राव टिपून खातात. तो दुकानांत क्वचितच मिळतो. मिळाला तर तीन फुटी टाकीत चार-सहांचा गट ठेवावा.

खाणे, आजार, ऋतू

दाणेदार खाद्य रोजच्यासाठी चालते, पण अंडी आणि पिल्ले हवी असतील तर जिवंत किंवा गोठवलेले अन्न हवे. बाजारातले ट्युबिफेक्स (बारीक लाल किडे) गटारांच्या पाण्यातून येते आणि आजार आणते, म्हणून ते टाळावे. गोठवलेले ब्लडवर्म, घरी वाढवलेला मॉइना (पाण्यातली बारीक पिसू) आणि आर्टेमिया (खाऱ्या पाण्यातले कोळंबीसारखे सूक्ष्म जीव) हे सुरक्षित पर्याय आहेत. आर्टेमिया उबवायला लिटरभर पाण्यात २५ ते ३० ग्रॅम खडे मीठ विरघळवून बाटलीत घालावे, एअर पंपाची नळी तळापर्यंत सोडावी आणि पाव चमचा अंडी टाकून २८ अंशांवर उजेडात ठेवावे. २४ ते ३० तासांत नारिंगी ठिपके पोहू लागतात. पंप बंद करून बाटलीच्या तळाशी उजेड धरला की ती तिथे गोळा होतात. मग नळीने ओढून, दाट कापडातून गाळून, गोड्या पाण्याने धुऊन दिवसातून तीन-चार वेळा थोडी थोडी द्यावीत. अ‍ॅपिस्टो आणि मल्टीची पिल्ले ती पहिल्याच दिवशी खातात. रॅमची पिल्ले फार बारीक असल्यामुळे त्यांना सुरुवातीचे एक-दोन दिवस बदामाच्या पानांवरचे सूक्ष्मजीव उपयोगी पडतात.

आठवड्याला २० ते २५ टक्के पाणी बदलावे आणि नवे पाणी तापमान व टीडीएस दोन्ही बाबतींत जुन्याशी जुळवून हळूहळू ओतावे. स्पंज नळाखाली न धुता टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, नाहीतर क्लोरीनने जीवाणू मरतात. नवा मासा तीन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच मुख्य टाकीत सोडावा. पांढरी, दोऱ्यासारखी विष्ठा आणि खाणे सोडणे ही आतड्यातल्या परजीवींची खूण असते, आणि त्यावरचे औषध वेगळ्या टाकीत, जाणत्या माणसाला विचारून द्यावे. सगळ्या रंगीत बाटल्या एकामागून एक ओतल्याने रोगापेक्षा औषधाने मासे जास्त मरतात.

एप्रिल-मे महिन्यांत पाणी ३२ अंशांवर गेले तर रॅमलाही ते जड जाते, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. झाकण काढून त्याऐवजी जाळी लावावी आणि पृष्ठभागावर छोटा पंखा सोडावा, म्हणजे बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा उपाय फार चांगला चालतो, कोकणातल्या दमट हवेत कमी. उडून गेलेल्या पाण्याच्या जागी आरओचे पाणी घालावे, कारण पाणी उडते पण क्षार मागे राहतात आणि नळाचे पाणी घालत राहिल्यास ते साठत जातात. वीज जाण्याची सवय असलेल्या गावांत बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा.

पिल्ले सहा-आठ आठवड्यांची झाली की जागा अपुरी पडू लागते. ती ओढ्यात, तलावात किंवा विहिरीत सोडू नयेत. १९५२ साली भारतात आणलेल्या तिलापिया या सिक्लिडने आपल्या जलाशयांतल्या स्थानिक माशांची काय अवस्था केली ते मच्छीमारांकडून ऐकावे. ती ओळखीच्या हौशी लोकांना किंवा दुकानदाराला द्यावीत. देण्याच्या आदल्या दिवशी खाणे बंद ठेवावे, पिशवीत एक भाग पाणी आणि दोन भाग हवा राहील असे भरावे, कोपरे रबराने बांधून गोल करावेत म्हणजे त्यांत पिल्ले चिरडत नाहीत, आणि प्रवास तासाभराहून मोठा असेल तर पिशव्या थर्मोकोलच्या खोक्यात ठेवाव्यात. सोबत आपल्या पाण्याचा टीडीएस आणि पीएच कागदावर लिहून द्यावा.